मदत हवी आहे: लेनिनला काही महिन्यांत जमलं, चिन्यांना 28 वर्षं का?

वैतागलेला_जीव: लोकहो अर्जंट आहे. रशियन आणि चिनी कम्युनिझमच्या उदयाची तुलना लिहून उद्या द्यायचीय. दोन्हीकडे शेतकरीच जास्त, दोन्हीकडे राजेशाही गेलेली, मग रशियात फेब्रुवारी ते ऑक्टोबर 1917 मध्ये खेळ खल्लास आणि चीनमध्ये 1921 ते 1949 कसे काय? नोट्समध्ये नुसत्या तारखा. पॉइंट द्या, लेक्चर नको.

खवचट_काका: कशासाठी? एमपीएससी की कॉलेज? किती मार्कांना?

लालभाई: प्रश्नच वाकडा आहे. ऑक्टोबरमध्ये राजधानी घेतली, देश नाही. लगेच संविधान सभेची निवडणूक झाली त्यात बोल्शेविकांना (लेनिनच्या पक्षाला) जेमतेम पाव मतं, मग जानेवारी 1918 मध्ये सभाच गुंडाळली आणि पुढे यादवी युद्ध. म्हणजे रशियात आधी सत्ता मग युद्ध, चीनमध्ये आधी युद्ध मग सत्ता. हे लिही, पुरे.

रानवारा: पुरे कसं? चिनी कम्युनिस्टांनीही आधी शहरांतूनच सुरुवात केली होती. एप्रिल 1927 ला शांघायमध्ये राष्ट्रवादी पक्षाच्या च्यांग कै-शेकने त्यांना कापून काढलं, आणि त्याच्या पक्षाबरोबर राहा हा आग्रह मॉस्कोचाच! मग जिआंग्शीच्या डोंगरात गेले, तिथून लाँग मार्च, म्हणजे लांबलचक पायी माघार, 80 हजारांहून जास्त निघाले, 10 हजारही पोचले नाहीत.

लालभाई: सगळं मॉस्कोवर ढकलू नका. 1945 ला मांचुरियात (ईशान्य चीन) जपान्यांची शस्त्रं कोणामुळे मिळाली? सोव्हिएत सैन्यामुळेच ना?

रानवारा: आणि त्याच ऑगस्टमध्ये च्यांगच्या सरकारशी करार कोणी केला? मॉस्कोनेच ना?

सोलापूरकर: आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, 1942 ला तिथेच वारले. त्यांचं नाव घालच.

वैतागलेला_जीव: अहो कोटणीसांचा इथे काय संबंध! एसवायबीए, 10 मार्क, 1949 पर्यंतच.

खवचट_काका: हे आधी सांगायला काय झालं होतं? बाय द वे 1927 ला आपले कम्युनिस्ट नेते मानवेंद्रनाथ रॉय मॉस्कोतर्फे चीनमध्ये, वुहानमध्येच होते, स्टॅलिनची गुप्त तार थेट राष्ट्रवादी पक्षाच्या वांग जिंगवेईला दाखवून बसले, मग काय, त्या पक्षाची कम्युनिस्टांशी युतीच तुटली.

वैतागलेला_जीव: रॉय सिलॅबसला नाहीत काका. महायुद्ध कुठे घालू तेवढं सांगा.

रानवारा: दोन्हीकडे. पहिल्याने झारचं सैन्य मोडलं, 1937 नंतर जपानने च्यांगचं. पण लेनिनने युद्ध थांबवतो म्हणून माणसं जोडली, माओने जपानशी लढतो म्हणून.

लालभाई: थांबवतो म्हणून जर्मनीशी ब्रेस्त-लितोव्स्कच्या तहात केवढा मुलूख सोडला तेही लिही, मार्च 1918.