रसायनांची खरेदी आणि साठा सॉफ्टवेअरवर न्यावा का?

करवीरकर (रसायनशास्त्राचे अध्यापक, कोल्हापूर):
आमच्या विभागातील मागणीपत्रे, खरेदी आणि साठ्याची नोंद पुढील वर्षापासून सॉफ्टवेअरवर न्यावी, असे माझे मत आहे. कपाटात डायएथिल ईथरच्या अर्धवट बाटल्या आहेत आणि त्यांपैकी एकीवरही ती केव्हा उघडली याची तारीख नाही. हवा आणि उजेड लागलेल्या ईथरमध्ये कालांतराने स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. त्यामुळे येथे माल आल्याच्या तारखेपेक्षा झाकण उघडल्याची तारीख महत्त्वाची असते, आणि आपल्या रजिस्टरमध्ये नेमका तोच रकाना नसतो. शिवाय सेंद्रिय विभागाकडे ॲसिटोन पडून असताना विश्लेषण विभाग मार्चअखेरीस तेच पुन्हा मागवतो.

भांडारपाल:
सर, रकाना नसेल तर तो पट्टीने आखता येतो. त्यासाठी दरवर्षी वर्गणी भरण्याचे कारण नाही. खरेदीला उशीर होतो तो रजिस्टरमुळे नव्हे. मागणीपत्रावर विभागप्रमुखांची सही, मग कोटेशने, तौलनिक तक्ता, खरेदी समितीची बैठक आणि शेवटी प्राचार्यांची मान्यता, एवढ्या पायऱ्यांत कागद कोठे अडकला हे सॉफ्टवेअर दाखवील, पण सही करणार नाही. दुसरे असे की, ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार शैक्षणिक संस्थांनी ॲसिडच्या वापराचे रजिस्टर ठेवून ते प्रांताधिकाऱ्यांकडे सादर करायचे असते आणि साठ्यासाठी एक व्यक्ती जबाबदार धरायची असते. सगळा विभाग एकाच पासवर्डवर काम करू लागला, तर ती व्यक्ती कोण ठरणार?

करवीरकर:
एकच पासवर्ड वाटून घेणे ही शिस्तीची चूक आहे, सॉफ्टवेअरची नव्हे. प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवले, तर कोणी, केव्हा, कोणती नोंद बदलली हे आपोआप राहते. रजिस्टरमधील खाडाखोडीवर मात्र बहुधा आद्याक्षरीही नसते. वापराच्या नोंदी छापून, जबाबदार व्यक्तीच्या सहीने प्रांत कार्यालयात देता येतील. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते, हेही विसरू नये. तळमजल्यावरच्या कागदाची दुसरी प्रत कोठे असते?

शिरोलीकर (फाउंड्रीतील प्रयोगशाळा):
मी सॉफ्टवेअर वापरतो, तरी करवीरकर सरांइतका आशावादी नाही. नायट्रिक ॲसिडच्या बाटलीवरचा बारकोड वाफेने आणि ओघळाने पुसट होतो, म्हणून आम्ही त्यावर पारदर्शक टेप लावतो आणि तरीही काही लेबले बदलावीच लागतात. खरी अडचण अर्धवट बाटलीची आहे. पडद्यावर ५०० मिलिलिटर दिसते आणि बाटलीत तळाशी जेमतेम दोन बोटे द्रव असतो, कारण प्रत्येक अनुमापनानंतर संगणकाकडे कोणी जात नाही. आम्ही मिलिलिटरचा हिशेब सोडला. बाटली उघडली आणि बाटली संपली, एवढ्या दोनच नोंदी घेतो. शेवटची बंद बाटली उघडताच मागणी निघते. हे साध्या स्प्रेडशीटवरही जमते, त्यामुळे आधी विकत काही घेऊ नये.

भांडारपाल:
दोन नोंदींची पद्धत मला मान्य आहे. परंतु ॲसिडच्या बाबतीत वापर लिहावाच लागतो, तेथे ती पुरणार नाही. पुराचे म्हणाल, तर पाणी शिरले की वीजही जाते, आणि छापील यादी हाताशी नसेल तर कोणत्या कपाटातील बाटल्या आधी वर न्यायच्या हे संगणक सांगणार नाही. माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. प्रात्यक्षिक संपल्यावर काचसामान धुणारा, उरलेली द्रावणे आवरणारा आणि आता नोंदी भरणारा माणूस एकच असणार आहे. रजिस्टरही ठेवा आणि पडद्यावरही भरा असे ठरले, तर महिन्याभरात दोन्हींतले आकडे जुळणार नाहीत.

करवीरकर:
म्हणून फक्त ईथर आणि ज्वलनशील द्रावकांचे कपाट एका सत्रापुरते स्प्रेडशीटवर घेऊ, आणि त्या कपाटाचे रजिस्टर तेवढ्या काळासाठी बंद ठेवू. ॲसिडचे रजिस्टर आहे तसेच राहू द्या.

भांडारपाल:
रजिस्टर बंद ठेवण्यास प्राचार्यांची लेखी परवानगी आणा, म्हणजे लेखापरीक्षणात मला उत्तर देता येईल. परवानगी मिळाली, तर त्या कपाटाची मोजणी मी स्वतः करून देईन.