मॉडेल टी आणि बीटल: साम्य विक्रीपुरतंच

फोक्सवॅगनची बीटल म्हणजे फोर्ड कंपनीच्या जुन्या मॉडेल टी गाडीचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती, असं काही जण म्हणतात. दोघीही दीड कोटींहून जास्त खपल्या, तेवढ्यापुरतं ठीक आहे. टीचा तो विक्रम बीटलनेच 1972 मध्ये मोडला. पण यंत्र म्हणून दोघींचं गोत्र वेगळं.

1908 मध्ये आलेल्या टीत, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, तीन पेडल असतात, पण आपल्या सवयीची नाहीत. डावं पूर्ण दाबलं की लो गिअर, सोडलं की हाय. मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे स्टिअरिंगखालची दांडी! आजचा पट्टीचा ड्रायव्हरही पहिल्या वळणावर गडबडेल. टाकी सीटखाली, पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानेच उतरायचं. चढावर पुढचं इंजिन टाकीपेक्षा वर जायचं, म्हणून टाकी कमी भरलेली असली की चढ उलटा, म्हणजे रिव्हर्समध्ये चढायचा.

बीटलला पंप होता. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, म्हणजे रेडिएटरची कटकटच नाही. चालवायला आजच्या माणसाला अजिबात परकी वाटत नाही. तिचेही नखरे होतेच म्हणा: जुन्या बीटलना पेट्रोलचा काटाच नव्हता. गाडी आचके द्यायला लागली की पायाजवळची कळ फिरवून रिझर्व्हवर घ्यायची, आपल्या स्कूटरसारखी.

मला विचाराल तर बघायला टी, चालवायला बीटल.