पुण्यतिथीच्या मंचावर वऱ्हाडी रॅप: पोराला शाल-नारळ पुरे की मानधन द्यायचं?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम आमच्या गावात नुकताच झाला. दर्यापूर तालुका, खारपाणपट्ट्यातलं गाव. सामुदायिक प्रार्थना, ग्रामगीतेचं वाचन, खंजेरी भजन आणि शेवटी गोपालकाला, असा दरवर्षीचा क्रम असतो. यंदा तरुणांनी आग्रह धरला म्हणून गावच्याच एका 23 वर्षांच्या पोराला पंधरा मिनिटं दिली. बी.ए. झालेला आहे, बापाचं चार एकर वावर. मोबाईलवर बीट, म्हणजे तयार ताल, लावून वऱ्हाडीत रॅप करतो. त्या रात्री सोयाबीनवर बोलला. चार ओळी मी उतरवून घेतल्या:

सरकारच्या कागदावर माह्या घामाले भाव,
काट्यावर चढलो तं म्हने ओलाव्याचं नाव.
बाप म्हने पोरा, थ्या कागदाची होडी कर,
पान्यात सोड अन् इच्यार तिले, कोनतं तुहं गाव.

2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता, आणि खरेदीचा निकष 12 टक्के ओलाव्याचा. पावसानं भिजलेला माल घेऊन जो परत आला आहे त्याला या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत. बीट थांबली तरी लोक बसूनच होते. मग मागून आवाज आला, "अजून एकदा म्हन बे."

दुसऱ्या दिवशी समितीचा हिशोब झाला. बाहेरगावच्या कीर्तनकारांना 11 हजार, साउंडवाल्याला 6 हजार, मंडपवाल्याचे वेगळे. पोराला शाल आणि नारळ. मी समितीत आहे. मी बोलायला हवं होतं, बोललो नाही, आणि ते मला अजून टोचतं आहे. म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे: त्यानं केलं ते कवितेचं काम आहे आणि कामाचे पैसे द्यायला हवेत.

पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर गिल स्कॉट-हेरॉन हे नाव लिहिलेलं आहे. मी आठ दिवस या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. 1949 चा जन्म, शिकागोतला. बाप जमैकाचा फुटबॉलपटू, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आईबाप वेगळे झाले आणि पोरगं टेनेसी राज्यातल्या जॅक्सन गावी आजीजवळ वाढलं. आजी गेल्यावर आईसोबत न्यूयॉर्कला. पुढे लिंकन विद्यापीठात गेला, कारण लँग्स्टन ह्यूज हा त्याचा आवडता कवी तिथं शिकला होता. 1970 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पहिली कादंबरी आली आणि त्याच वर्षी पहिला अल्बमही. त्या अल्बमात बहुतेक ठिकाणी फक्त त्याचा आवाज आणि सोबत हातानं वाजवायचे ढोल. माणूस चंद्रावर उतरला त्या दिवसांत यानं लिहिलं की माझ्या बहिणीला उंदीर चावला आणि डॉक्टरचं बिल भरायला पैसे नाहीत. क्रांती टीव्हीवर दिसणार नाही, ही त्याची कविता तर जगभर गेली. रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, 11 ऑगस्ट 1973 चा मानतात. म्हणजे रॅप हे नाव रुळायच्या आधीच हा माणूस तालावर बोलत होता.

आता सांगा, आमच्या पोरानं वेगळं काय केलं?

खंजेरी

गुरुजी, तुमचा मान ठेवून सांगतो. मी चाळीस वर्सं झाले खंजेरी वाजवून रायलो. बोटं फुटेपर्यंत वाजवली तवा हात बसला. आमच्या मंडळानं आजपर्यंत कोनाचा एक रुपया घेतला नाई. मोझरीले जातो तं आपल्या खर्चानं जातो, घरून भाकर बांधून. महाराजांचा मंच सेवेचा हाये. तिथं पैशाचा इषय निंगाला का उद्या भजनी मंडळं बी भाव ठरवतीन, मंग ज्या गावाले परवडत नाई त्या गावात भजनच होनार नाई.

पोरगं चांगलं बोललं, नाई म्हनत नाई. मी बी आयकलं. पन थो मोबाईल ताल देते अन् हा बोलते. ताल ज्याच्या हातात नाई त्याले आमच्या पंगतीत कसं बसवू?

वाचनवेडी

खंजेरीकाका, तुमच्या मंडळाच्या सेवेबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण महाराजांचा मंच फक्त उपासनेचा होता, असं कसं म्हणता येईल? 1942 मध्ये चिमूर आणि आष्टीला लोक उठले त्यामागे महाराजांची भजनं होती. इंग्रज सरकारनं त्यांना धरलं, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजेरीच्या तालावरच्या शब्दांची सरकारला धास्ती वाटली होती. आणि गाडगेबाबा? त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्यांना प्रश्न विचारायचा आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचं. तेही वऱ्हाडीत, अगदी साध्या भाषेत. कर्जाबद्दल, दारूबद्दल, पोरांना शाळेत घालण्याबद्दल. रॅपचा कार्यक्रम पाहिला तर तिथंही हेच दिसतं, म्हणणारा अर्धी ओळ सोडतो आणि लोक ती पूर्ण करतात.

पैशाबद्दल माझं मत गुरुजींसारखंच आहे. सेवा ज्याची त्यानं ठरवायची असते. तुम्ही पैसे न घेणं हा तुमचा निर्णय होता. पोराला कोणी विचारलंच नाही.

सातबारा

इथं सगळे कवितेवर बोलत आहेत. मी बापाच्या बाजूनं बोलतो.

माझा सख्खा लहान भाऊ ऑर्केस्ट्रात गायचा. आवाज असा की लग्नात लोक जेवण सोडून ऐकायचे. सगळ्यांनी त्याला चढवलं. आयटीआय सोडली. पाच-सहा वर्षं सीझनला पैसे आले, बाकीच्या महिन्यांत उधारी. पुढे डीजे आले आणि ऑर्केस्ट्रा संपला. आज तो पंचेचाळीसचा आहे आणि माझ्याच वावरात काम करतो. आमच्यात भांडण नाही, पण तो आता गुणगुणतही नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी त्याच्या घरी किराणा भरला का?

गुरुजी, तुम्ही त्या अमेरिकन कवीची अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली मी वाचली. पुढे तो नशेत गेला. 2001 मध्ये कोकेन बाळगल्याबद्दल शिक्षा झाली, नंतर पुन्हा तुरुंग. मध्ये कितीतरी वर्षं नवीन काही आलं नाही. 2010 मध्ये एक अल्बम आला आणि 27 मे 2011 ला 62 व्या वर्षी माणूस गेला. जीवनगौरवाचा ग्रॅमी मिळाला तो 2012 मध्ये. मेल्यावरचा पुरस्कार कोणत्या चुलीत घालायचा? हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहिणाऱ्या पोराला ही पानंही वाचून दाखवा.

रात्रपाळी

मी स्वतः रॅप करतो. बुटीबोरीत कंपनीत आहे, नावाप्रमाणे रात्रपाळी. सातबारा दादांचं दुःख खरं आहे, पण धंदा आता कसा चालतो ते सांगतो.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर लागतात, शिवाय वर्षभरात 4000 तास लोकांनी पाहिलेलं असावं लागतं. वऱ्हाडीत बोलणाऱ्याला तिथवर पोहोचायलाच एक-दोन वर्षं जातात. नेटवर "फ्री" म्हणून मिळणारी बीट बहुतेक वेळा कमाई न करण्याच्या अटीवरच फुकट असते, म्हणून पैसे सुरू झाले की बीटवाल्याचा दावा येतो. मी एक गाणं असंच गमावलं. त्या पोराला सांगा, बीट विकत घे आणि त्याचा कागद जपून ठेव. दुसरं, 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क आता त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद होता येतं. हे गावात कोणी सांगत नाही.

या सगळ्यात खात्रीचा पैसा एकच, मंचावरचा. मला पहिल्यांदा एका गावात 2 हजार मिळाले, पाकिटावर नाव लिहून, व्हाउचरवर सही घेऊन. घरी बापानं पाकीट उघडून पाहिलं आणि विचारलं, पुढचा कार्यक्रम कधी आहे? त्याआधी चार वर्षं तो या विषयावर माझ्याशी बोलला नव्हता. त्याआधीच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या लोकांनी माझ्या गाण्याचा हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, उचलून प्रचाराच्या गाडीवर वाजवला. पैसे मागायला गेलो तर म्हणाले, तुझी प्रसिद्धी झाली ना! ज्याला कोणी कधी भाव दिला नाही त्याचा माल फुकटात उचलला जातो. सोयाबीनचंही असंच आहे, दादा.

झाडीपट्टी

मी वडसा भागातला. आमच्याकडं दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात, होळीपर्यंत चालतात. मंडई असो की शंकरपट, गावात रात्रभर नाटक होते आणि लोक तिकीट काढून बसतात जी. मजूर माणूसही काढते. म्हणून गावात कलेला पैसे मागणं पाप आहे, हे मला पटत नाही. मानधन द्या.

पण माझा राग वेगळा आहे. आमची दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं हळूहळू विझत चालली. गावोगावी दुय्यम कव्वालीचा सामना व्हायचा, दोन पार्ट्या समोरासमोर, सवाल आला की तिथल्या तिथं जवाब. आज त्यालाच रॅप बॅटल म्हणतात आणि पोरं ते अमेरिकेतून शिकतात. वऱ्हाडीत विठ्ठल वाघांनी कविता मंचावर गाजवली. यवतमाळच्या शंकर बडे यांनी एकट्यानं "बॅरिस्टर गुलब्या" उभा केला, हजारो लोकांसमोर, बीटबिट काही नाही. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव का नाही? ज्या बोलीत हा पोरगा उभा आहे ती बोली मंचावर या लोकांनी नेली. त्यांना न ऐकता कोणी वऱ्हाडी रॅपर म्हणवून घेतलं तर मी नाही मानत.

पूर्णाकाठ

झाडीपट्टी भाऊ, काल संध्याकाळी मी त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "गुरुजी, तुमीच शाळेत नाई शिकवलं." खरं आहे. मी तीस वर्षं मराठी शिकवली. वर्गात कोणी "मले" म्हटलं की "मला" म्हण, असं सांगून मी सुधारत होतो. वऱ्हाडीतली एक कविता मी कधी फळ्यावर लिहिली नाही. त्याला त्याची बोली भारी वाटावी म्हणून अमेरिकेतल्या माणसाकडं जावं लागलं, ही माझ्या पिढीच्या मास्तरांची चूक आहे. आता त्याला बडे यांचं जेवढं मिळेल तेवढं ऐकवतो आहे.

सातबारा, तुम्ही वाचलंत ते सगळं खरं आहे आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. पण मधला भाग राहिला. या गिलनं 1972 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एम.ए. केलं आणि वॉशिंग्टनच्या फेडरल सिटी कॉलेजात काही वर्षं लेखन शिकवलं. त्याच काळात त्याचे अल्बमही येत होते, 1975 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यावरचं जोहान्सबर्गचं गाणंही तेव्हाचंच. पुढे गायक स्टीव्ही वंडरसोबत गावोगाव फिरला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिवसाची राष्ट्रीय सुट्टी मिळावी म्हणून. 1983 मध्ये तो कायदा झाला. 1994 मध्ये त्यानं तरुण रॅपरांना उद्देशून एक गाणं केलं. त्यात मोठ्या भावासारखं सांगितलं की बोलता आहात तर काय बोलता ते आधी समजून घ्या. नशेनं त्याचं आयुष्य खाल्लं, कवितेनं नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

सातबारा

मग त्या पोरालाही एम.ए., बी.एड. करू द्या. नोकरी लागो न लागो, हातात कागद असू द्या. रॅप कर, पण वावर आणि शिक्षण सोडून मुंबईला जाऊ नको, एवढंच माझं म्हणणं. भावाच्या वेळी हे म्हणायला मी कमी पडलो. आणखी एक भीती आहे. 2023 मध्ये आपल्याच राज्यात राजकारणावर गाणं केलं म्हणून रॅप करणाऱ्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. उद्या याच्या दारात पोलीस आले तर समिती सोबत जाणार का? टाळ्या वाजवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

रात्रपाळी

दादा, मी जाईन. हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही.

वाचनवेडी

मीही येईन. आणखी एक गोष्ट इथं राहून जाते आहे. माझ्या कॉलेजात दारव्हा भागातली एक मुलगी आहे. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, वेचणाऱ्या बायांच्या मजुरीवर लिहिते, तालात म्हणते, आणि या चार ओळींपेक्षा धारदार लिहिते. तिला मंच मिळत नाही, कारण कार्यक्रम रात्री दहाला सुरू होतात आणि परतीची एस.टी. नसते. मानधन ठरवाल तेव्हा जाण्यायेण्याचं आणि मुक्कामाचंही ठरवा. दिवसा कार्यक्रम ठेवलात तर मी तिला स्वतः घेऊन येते.

खंजेरी

सगळ्याईचं वाचलं. पैशाचं माह्य मत बदललं नाई. मंडळाच्या पेटीतून मी त्याले पैसे देऊ देनार नाई, समितीनं आपल्या खात्यातून द्यावे, तिथं मी आडवा येनार नाई.

पन गुरुजी, त्याले येत्या गुरुवारी प्रार्थनेनंतर देवळात पाठवा. मोबाईल घरी ठेवून ये म्हना. मी खंजेरी धरतो, थो बोलू दे. चुकला तं थांबवीन, पुन्हा पयल्यापासून. ताल त्याच्या अंगात हाये का मशीनच्या, थे एका घडीत समजते.

पूर्णाकाठ

पाठवतो काका. रविवारी समितीची बैठक आहे. विषयपत्रिकेत लिहून देतो: स्थानिक कवीस मानधन 2500 रुपये, बाहेरगावच्यास प्रवासखर्च वेगळा, कार्यक्रम दुपारी चारला. यंदाचे राहिलेले पैसेही त्यातच मांडतो.

सातबारा

गुरुजी, त्या बैठकीला पोराच्या बापालाही बोलवा. एवढ्या चर्चेत त्याला कोणी विचारलं का?

पूर्णाकाठ

नाही विचारलं. आत्ता त्याच्या घरी निघालो आहे.