मराठा पलटणीच्या बिल्ल्यावरील ठसा

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत मराठा लाइट इन्फन्ट्रीचा पितळी बिल्ला सापडला. मागच्या पट्टीवर ‘जे. आर. गाँट, लंडन’ असे पुसट उमटले आहे. एवढ्यावरून तो अस्सल मानावा का?

उत्तर : गाँट ही बिल्ले-बटणे घडवणारी नामांकित ब्रिटिश कंपनी, परंतु तिचे नाव नकली मालावरही सर्रास आढळते. कोरीव साच्याने ठोकून घडवलेल्या बिल्ल्यात पुढच्या नक्षीचा खोलगा मागे स्पष्ट दिसतो, तर ओतीव नकलेवर भिंगातून बारीक छिद्रे दिसतात.

उत्तर : एक दुरुस्ती. हिंदुस्थानातील कारागिरांनी ओतलेले अस्सल बिल्लेही आहेत, त्यांवर बहुधा कंपनीच्या नावाचा ठसाच नसतो. मात्र ओतीव बिल्ल्यावर लंडनचे नाव असेल, तर संशय रास्त. बिल्ला चांदीचा असता, तर त्यावरील शुद्धतेच्या सरकारमान्य ठशांतून तो कुठे व कधी तपासला हे कळले असते: जहाजाच्या नांगरावरून बर्मिंगहॅम, बिबट्याच्या मुखावरून लंडन आणि शेजारच्या अक्षरावरून वर्ष. खात्री होईतोवर बिल्ला पितांबरीने घासू नका.