मस्कटीन (आयोवा): शिंपल्याच्या बटणांचं नदीकाठचं शहर. प्रदर्शनासाठी माहिती हवी

यमगर्णीकर

नमस्कार मंडळी. निपाणीतल्या एका वाचनालयात 'एका मालावर वाढलेली गावं' असं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलंय. एका भिंतीवर तंबाखूची निपाणी आणि समोरच्या भिंतीवर अमेरिकेतलं मस्कटीन, मिसिसिपीच्या काठावरचं. १९०५ साली या एका गावात जवळजवळ १५० कोटी बटणं तयार झाली आणि जगातली ३७ टक्के बटणं तिथली होती, एवढं पाठ झालंय. पण नुसत्या आकड्यांनी फलक भरत नाही.

विचारायचंय ते असं. धंदा तिथंच का उभा राहिला? शिंपल्याचं बटण नेमकं कसं करत? मजुरी कशी मोजत, आणि १९११च्या संपाची निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांच्या १९८१च्या आंदोलनाशी तुलना करता येईल का? हे सगळं संपलं कशानं? शिवाय जुन्या सदऱ्यांची, कुडत्यांची डबाभर बटणं जमली आहेत. त्यातली शिंपल्याची कुठली आणि प्लास्टिकची कुठली, हे ओळखायचं कसं?

अठरा_लाईन

सर, बटण कसं करत तिथूनच सुरू करतो. प्रदर्शनात लोक उभे राहतात ते यंत्रापुढे, सनावळीपुढे नाही.

होडी सपाट बुडाची. तिच्यावर दोन आडव्या दांड्या, आणि प्रत्येक दांडीला दोऱ्यांनी लोंबणाऱ्या तारेच्या चार नखांच्या आकड्या, शंभरावर. आमिष काही नाही. शिंपला गाळात अर्धा रुतून, तोंड किंचित उघडं ठेवून पाणी गाळत बसलेला असतो. आकडी फटीत शिरली की तो मिटतो आणि आकडीला धरूनच वर येतो. एक दांडी तळाशी ओढली जात असताना दुसरी रिकामी करायची. एवढं वजन ओढायला नुसता प्रवाह पुरत नाही, म्हणून होडीपुढे पाण्याखाली शिडासारखी कापडी चौकट सोडत. तिला ते लोक 'खेचर' म्हणत. फलकावर हा शब्द नक्की घाला, पोरं विचारतील.

काठावर मोठ्या टाकीत वाफ देऊन शिंपले उघडायचे, मांस बोटांनी चाचपून मोती आहे का बघायचं आणि मग ते डुकरांना. टरफलं टनावर विकायची. या तळांची दुर्गंधी लांबवर जायची.

कारखान्यात आधी जात आणि आकार यांप्रमाणे निवड. मग पाण्याच्या पिंपात साधारण आठवडाभर भिजवण. ही पायरी गाळलीत तर पुढचं काहीच कळणार नाही. वाळलेला शिंपला ठिसूळ असतो, करवतीखाली तडकतो आणि बारीक धूळ उडवतो. करवत म्हणजे फिरणारी पोकळ नळी, तोंडाला दात. कारागीर शिंपला पकडीत धरून नळीवर दाबायचा, वर पाण्याची धार, आणि नळीतून गोल चकती बाहेर. मग चकतीची पाठ घासून वरची तपकिरी साल काढायची आणि जाडी सारखी करायची. नंतर पुढच्या बाजूला खोलगट तोंड कोरायचं आणि भोकं पाडायची. बॅरी बंधूंच्या १९०४च्या यंत्रानं तोंड कोरणं आणि भोकं पाडणं ही दोन्ही कामं एकाच ठिकाणी आणली, आणि उत्पादन उसळलं ते तिथून. शेवटी फिरत्या पिंपात झिलई, चकाकीप्रमाणे वर्गवारी आणि कार्डावर शिवणं.

एका शिंपल्यातून मोजक्याच चकत्या निघत, कारण कडेचा भाग पातळ. भोकाभोकांची उरलेली टरफलं रस्त्यात भर म्हणून आणि कुटून कोंबड्यांच्या खाद्यात जात. त्या चाळणीसारख्या टरफलाचा एक मोठा फोटो लावा, निम्मं काम तोच करेल.

माप 'लाईन'मध्ये. ४० लाईन म्हणजे १ इंच, म्हणून १ लाईन ०.६३५ मिमी. शर्टाचं १८ लाईनचं बटण सुमारे ११.४ मिमी, २४चं सुमारे १५.२. बेळगावातल्या कुठल्याही बटणवाल्याकडे आजही अठरा, चोवीस असंच मागतात. तोच जुना हिशेब.

वखार_गल्ली

मजुरीचं मी सांगतो, पण आधी एक हरकत. ८१चं आंदोलन आणि १९११चा संप एका फलकावर शेजारी लावू नका. निपाणीत लढले ते तंबाखू पिकवणारे शेतकरी, भावासाठी. मस्कटीनमध्ये लढले ते नगावर काम करणारे कामगार, मोजणीसाठी. गोळीबार आणि सैनिकी दल आलं म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत. तुलना करायचीच असेल तर विड्या वळणाऱ्या बायकांशी करा. तिथं हजारी (हजार विड्यांमागं मजुरी) आणि छाट (नापास विड्या), इथं ग्रोस आणि नापास चकत्या. दोन्हीकडे मोजणारा मालकाचा माणूस.

ग्रोस म्हणजे १२ डझन, १४४ नग. कामगारांची मोठी तक्रार ही होती की मजुरी एका ग्रोसची, पण चकत्या १४ डझन द्याव्या लागत. १६८ कापायच्या, पैसे १४४चे. म्हणजे कापलेल्या दर सात चकत्यांतली एक फुकट. हे गणित फलकावर मोठ्या अक्षरात घाला. मुलांना सात बटणं देऊन एक बाजूला काढायला सांगितलं तरी पुरे.

कापणी पुरुषांकडे. तोंड कोरण्याच्या यंत्रावर, वर्गवारीला आणि कार्डावर शिवायला बायका-मुली. शिवण्याचं काम घरीही जायचं, संध्याकाळी पोरंसोरं धरून सगळं घर बसायचं. निपाणीत हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. धोके म्हणाल तर कापलेली बोटं, फुप्फुसात धूळ, आणि भिजवणीच्या सडक्या पाण्यामुळे चिघळणाऱ्या जखमा.

फेब्रुवारी १९११मध्ये मालकांनी कारखान्यांना टाळं ठोकलं. गव्हर्नरनं सैनिकी दल पाठवलं. पुढच्या वर्षी संप मोडला, संघटनेच्या हाती फारसं लागलं नाही. यातलं लक्षात ठेवायचं नाव पर्ल मॅगिल. विशीही न ओलांडलेली कामगार मुलगी, संपासाठी निधी गोळा करत शहरोशहरी फिरली आणि १९१२मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या कापड गिरणीच्या संपातही होती. शिंपल्याच्या धंद्यात नावही पर्ल, म्हणजे मोतीच, योगायोग बघा की.

यमगर्णीकर

अण्णा, हरकत मान्य. ८१चा मजकूर वेगळ्या कोपऱ्यात नेतो. अजून दोन गोष्टी. 'एका मालावर वाढलेलं गाव' हे मस्कटीनला शोभतं ना? आणि मुलांसमोर खरा शिंपला कापून चकती काढून दाखवता येईल का? वेदगंगेत शिंपले मिळतातच की.

कृष्णाकाठ_अथणी

'एका मालावर' हे पुरतं खरं नाही. बटणांच्या आधी ते गाव लाकडाचं. उत्तरेकडच्या पाइनच्या ओंडक्यांचे तराफे नदीनं खाली यायचे, काठावर ते चिरायचे. उत्तरेतली जंगलं संपत आली, तेवढ्यात बटणं आली. हाइन्झनं पिट्सबर्गबाहेरचा पहिला कारखाना १८९३मध्ये इथंच काढला. गावाखालच्या वाळूच्या जमिनीतली कलिंगडं, खरबुजं अजून नावाजलेली आहेत. १९४४मध्ये निघालेली एक कंपनी पुढं ऑफिसच्या फर्निचरमध्ये मोठी झाली. म्हणून बटणं गेल्यावर गाव बसलं नाही. निपाणीच्या भिंतीवर हा फरक आल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा लपवू नका.

त्याहूनही आधीची एक गोष्ट गावकीच्या फलकावर हवीच. अलेक्झांडर क्लार्क हे तिथले कृष्णवर्णीय केशकर्तनकार आणि लाकडाचे व्यापारी. १८६७मध्ये त्यांच्या मुलीला, सुझनला, जवळच्या शाळेनं प्रवेश नाकारला. ते कोर्टात गेले आणि १८६८मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. अमेरिकाभरचा वेगळ्या शाळांविरुद्धचा निकाल १९५४चा, यावरून अंदाज करा.

धंदा तिथंच का, याचं अर्धं उत्तर नदीत आणि अर्धं वॉशिंग्टनमध्ये. जॉन बेपल हा जर्मनीतून आलेला बटण-कारागीर. त्याला जाड, पांढऱ्या, चकाकणाऱ्या शिंपल्यांचे थर सापडले, पण परदेशी बटणं स्वस्त होती तोवर उपयोग शून्य. १८९०च्या मॅकिन्ली जकातीनं आयात बटणं महागली आणि १८९१मध्ये त्यानं मस्कटीनला कारखाना काढला. नंतर यंत्रांवरून भागीदारांशी त्याचं फाटलं, तो वेगळा भाग.

संपलं कशानं? सगळे 'प्लास्टिक' लिहितात. ते शेवटचं कारण. पहिलं कारण शिंपला हळू वाढतो हे. जाड टरफलाच्या जातींना कापणीजोगं व्हायला कित्येक वर्षं लागतात, आणि तिथं थरच्या थर खरवडून मोकळे केले. दुसरं कारण सगळ्यात भारी. शिंपल्याची पिल्लं माशाच्या कल्ल्यांना चिकटून काही आठवडे काढतात, आणि बऱ्याच जातींना ठरावीकच मासा चालतो. बटणांसाठी सर्वांत मागणी असलेल्या एबनीशेल या जातीच्या शिंपल्याला स्किपजॅक हेरिंग हाच मासा लागतो. १९१३मध्ये खाली कीओककला धरण झालं आणि हा मासा वर येणं थांबलं. जुने शिंपले जगत राहिले, नवे झाले नाहीत. धरणानं शिंपला मारला नाही, त्याची दाई अडवली.

सरकारनं १९०८मध्ये जवळच फेअरपोर्टला केंद्र मंजूर केलं. तिथं माशांच्या कल्ल्यांना पिल्लं चिकटवून मासे नदीत सोडत. पण वरून शेतातला गाळ आणि गावांचं सांडपाणी चालूच. गाळात कोवळा शिंपला गुदमरतो. मग चेन आली, वॉशिंग मशीन आणि कडक साबण आले. त्यात शिंपल्याची चकाकी जाते आणि कडा तुटतात, प्लास्टिक तिथं टिकलं. १९६०च्या दशकात शिंपल्याची कापणी थांबली, कारखाने प्लास्टिककडे वळले. मिसिसिपीच्या खोऱ्यातला शिंपला पुढं जपानला गेला, मोत्यांच्या शेतीत आत घालायच्या मण्यासाठी.

आता प्रात्यक्षिक. वेदगंगेतून जिवंत शिंपले मुळीच काढू नका. काठावर पडलेली रिकामी टरफलं घ्या. पण आपल्याकडच्या बऱ्याच शिंपल्यांचं टरफल पातळ, बटणाला कामाचं नाही. भारतात नदीच्या शिंपल्याची बटणं झाली ती बिहारमध्ये मेहसीला, सिकरहना नदीच्या शिंपल्यांवर. फलकाच्या तळाशी एक ओळ तीही घाला.

अठरा_लाईन

ते सांगताहेत ते बरोबर, पण पातळ शिंपल्यावर चकती दाखवता येते. बटण नाही झालं तरी चालेल.

टरफल चार-पाच दिवस पाण्यात ठेवा. काचेला भोक पाडायचं हिऱ्याच्या दाण्यांचं पोकळ बिट घ्या, बाहेरून १४ मिमीचं. आतली चकती साधारण १२ची मिळते. विकत घेताना लोक बाहेरचं माप धरतात आणि चकती लहान निघाली म्हणून ओरडतात. ड्रिल बॅटरीवरचंच, कारण पाणी लागणार आणि वायरचं ड्रिल पाण्यात म्हणजे शॉक. टरफल लाकडी फळीवर, फुगीर बाजू खाली, मातीच्या गोळ्यात रुतवून पक्कं करा. बिट तिरकं टेकवून खाच पाडा, मग सरळ करा, नाहीतर घसरतं. पाणी सतत. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला जोर काढून घ्या, तिथंच कड तुटते. चकती बिटात अडकली तर मागून काडीनं ढकला, ठोकू नका. कोरडं घासायचं नाही. २२० आणि मग ४०० नंबरचा पाणकागद काचेवर ठेवून ओलाच वापरा. तोंडाला मास्क, आणि मुलं दोन हात लांब.

डब्यातली बटणं ओळखायची तर गालाला लावा. शिंपला गार आणि जड लागतो, प्लास्टिक लगेच कोमट. भिंगातून पाठ बघा. तपकिरी सालीचा अंश किंवा वाढीच्या रेषा दिसल्या तर शिंपला, कडेला साच्याची शिवण दिसली तर प्लास्टिक. खात्रीच हवी असेल तर एखादं तुटकं बटण व्हिनेगरमध्ये टाका, शिंपला असेल तर बुडबुडे येतात. चांगलं बटण टाकू नका, झिलई जाते. आणि तापलेल्या सुईची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, जुनं सेल्युलॉइड भडकतं.

वखार_गल्ली

डब्यातल्या बटणांखाली 'मस्कटीन' असं लिहू नका, सर. ती मेहसीची असतील, समुद्री शिंपल्याची असतील, घरात बसून ठरवता येत नाही. 'शिंपल्याचं बटण' एवढंच पुरे.

नकाशा काढाल तेव्हा मिसिसिपी उत्तर-दक्षिण सरळ काढायची चूक करू नका. डेव्हनपोर्टहून ती पश्चिमेला वाहत येते आणि मस्कटीनला वळून दक्षिणेला जाते. गाव त्या वळणावरच आहे.

यमगर्णीकर

नकाशा उलटाच काढला होता. पुसतो. चौदा डझनांची बटणं आणि बारा डझनांची, दोन ताटांत शेजारी ठेवणार आहे. १६८ आणि १४४ मोजून ठेवायला चार पोरी लागतील.

अठरा_लाईन

ताटं एकाच मापाची घ्या, नाहीतर फरक दिसणार नाही. आणि बटणं सगळी १८ लाईनची.