दुखत काहीच नाही, तरी दात दाखवायला जायचंय. खुर्चीत बसवून करतात तरी काय?

अक्कलकोटरोडकर

नमस्कार मंडळी. वय ४४, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात हिशेब बघतो. दातांच्या डॉक्टरकडे आजवर एकदाच गेलोय, नववीत, दाढ काढायला. सध्या दुखत-बिखत काही नाही. पण सोलापूरची गड्डा यात्रा संपल्या संपल्या बायकोने शनिवार संध्याकाळची वेळ घेऊन ठेवली, तिची आणि माझी. "नुसतं दाखवून यायचं" म्हणते.

नुसतं दाखवायचं म्हणजे काय ओ? आमच्या वडिलांचा हिशेब सोपा होता, कडक भाकरी मोडता येते तोवर दात ठणठणीत. मला भीती अशी की तोंड उघडलं की काहीतरी निघणारच. उपाशीपोटी जायचं का? साफ केले की दात हलायला लागतात म्हणतात, खरं का? आणि एक, मावा (सुपारी-तंबाखूचा) दिवसाला एखादा होतो. तो सांगावा लागतो का? बायको शेजारीच असणार, म्हणून विचारतो.

रिटायर कंडक्टर

एखादा म्हणजे किती, ते आधी ठरवा. मीसुद्धा "कधीमधी" म्हणालो होतो. डॉक्टरीणबाईंनी गालाची आतली बाजू बघितली आणि विचारलं, "डावीकडेच ठेवता ना?" बिनतिकिटाचा माणूस मी एसटीत चढल्या चढल्या ओळखायचो, तशी ती बाई. गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, पण आपल्याकडे पानटपरीवर मावा मळून मिळतोच, हे त्यांना काय माहीत नाही? सांगून टाका. बायकोला माहीतच असणार.

मी वर्षातून दोनदा जातो, म्हणून क्रमाने लिहितो. आधी कागद भरायचा. शुगर, बीपी, चालू गोळ्या. माझी अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करायची गोळी आहे. गोळ्यांची पाकिटं खिशातच घेऊन गेलो, नावं कुणाच्या लक्षात राहतात? बाई म्हणाल्या, हे सांगितलंत ते बरं केलंत, पण आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

मग खुर्ची. आणि गंमत बघा, बराच वेळ दातांना हातच लागत नाही. जबड्याखाली, मानेला बोटांनी चाचपतात, गाठ आहे का ते. कानापुढे बोट ठेवून तोंड उघड-मीट करायला लावतात. मग जीभ कापडाच्या तुकड्यात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे ओढतात, जिभेखाली बघतात, गाल उलटे करतात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं कुठलंही फोड-जखम, असलं शोधतात. मला म्हणाल्या, तुमचीच तीन बोटं उभी करून दातांच्या मधे घाला. माझी अडीच गेली. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडायचं कमी होतं. माझी सुपारी त्या दिवसापासून बंद आहे, तंबाखूला मात्र आणखी वर्ष गेलं.

त्यानंतर दात. छोटा आरसा आणि एक टोकदार आकडी. बाई मदतनीस मुलीला म्हणाल्या, "थ्री सिक्स, कॅरीज." मी घाबरलो की ओ! छत्तीस दात किडले? माणसाला असतातच बत्तीस. नंतर त्या मुलीने समजावलं. आमचे टप्पे असतात तसे तोंडाचे चार भाग. उजवा वरचा पहिला, डावा वरचा दुसरा, डावा खालचा तिसरा, उजवा खालचा चौथा. तीन-सहा म्हणजे डावीकडे खाली, पुढच्या मधल्या दातापासून मोजत सहावा. एकच दाढ होती, तीही वरवर किडलेली. चांदी नाही, दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं, सुई पण टोचली नाही.

शेवटी खुणा केलेली बारीक काडी दात आणि हिरडीच्या मधे घालतात. एका दाताभोवती सहा ठिकाणी, आणि आकडे बोलतात, "तीन दोन तीन, तीन तीन दोन." मला वाटलं तिकिटं फाडतायत. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढचा आकडा आला आणि रक्तही आलं, तर हिरडी दातापासून सुटत चालली. जरा टोचतं, पण ओरडण्यासारखं काही नाही.

उपाशी अजिबात जायचं नाही, शुगरवाल्याने तर मुळीच नाही. जेवून, ब्रश करून जा. फक्त लसणाची चटणी त्या दिवशी नको, समोरच्याचा पण विचार करा.

जुळे सोलापूर

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, अकरा वर्षं झाली. काकांनी छान लिहिलंय. दात हलण्याचं मी सांगते, कारण हे रोज ऐकते.

दातांवरचा चिकट थर वेळेत निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो. म्हणून जिथे लाळेच्या ग्रंथी उघडतात तिथे तो जास्त, खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. तिथे जीभ फिरवून बघा, खरखरीत लागेल. कित्येकदा हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेलं असतं, आणि मधली जागा दगडाने भरलेली. दगड काढला की जागा मोकळी दिसते, माणसाला वाटतं आत्ता हलवला. मशीनचं टोक थरथरतं आणि पाणी मारतं, दात घासून बारीक करत नाही. थंड पाण्याने दोन-चार दिवस शिणशिण होईल.

एक्स-रे सगळ्यांचा काढत नाहीत. दोन दाढांच्या मधली कीड डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा लागतो. आणि हत्यारांचं पाकीट समोर फोडायला सांगा. लाजू नका, आम्हाला राग येत नाही. मधेच थांबायचं असेल तर डावा हात वर करायचा, बोलायचा प्रयत्न करू नका, कुणाला काही कळत नाही.

बाळीवेस

एक जण मला म्हणाला, चार रूट कॅनाल, आजच सुरू करू. नाव घेत नाही. मी म्हटलं, एक्स-रे द्या, घरी विचारतो. दुसरीकडे दाखवलं, लागलं एकच. दुखत नसताना खुर्चीत बसल्या बसल्या हो म्हणू नका. काय करायचं, किती लागेल, कागदावर घ्या आणि उठा. बाकी शेंगाचटणी अडकतेच, काळजी नको.

अक्कलकोटरोडकर

जाऊन आलो. बायकोला पहिलं बसवलं. तिचे सगळे आकडे तीनच्या आत, काही नाही, दहा मिनिटांत मोकळी. मग माझी वेळ. "काही खाता का?" विचारल्यावर मी बायकोकडे बघितलं, आणि बायकोच म्हणाली, "तीन पुड्या, एक सकाळी, दोन जेवणानंतर." मोजून ठेवल्या होत्या तिने.

तोंडात चट्टा-बिट्टा नाही, डाव्या गालाची कातडी जरा जाड झालीय म्हणाले, मावा बंद करून तीन महिन्यांनी परत बोलावलंय. उजवीकडे खाली मागच्या दाढेला पाच आला, तिथे साफ करायला दोन खेपा लागणार. आज पहिली झाली. खालच्या पुढच्या दातांच्या आतला दगड निघाला तो त्यांनी आरशात दाखवला, तांदळाच्या कण्या असाव्यात तसा. जीभ सारखी तिथेच जातेय, दुसऱ्याचं तोंड असल्यासारखं वाटतंय.

माझी बोटं तीन गेली. सोमवारी कारखान्यात चहाच्या वेळी सगळ्यांना घालायला लावली. हसले सगळे. आमच्या मागांकडे बघणाऱ्या जॉबरची दोनच गेली, तीही आडवी करून. वय ३१. तिखट लागलं की तोंडात आग होते म्हणतो, मिरची सोडलीय त्याने, मावा नाही. माझी दुसरी खेप पुढच्या शनिवारी आहे, त्याला गाडीवर मागे बसवून नेतोय.

रिटायर कंडक्टर

न्या. आणि त्याला दातांचा डॉक्टर म्हणून सांगू नका, यायचा नाही. माझं नवीन तोंड बघायला चल म्हणा.