मदत हवी: झुरळ ओढणारी हिरवी गांधीलमाशी आणि उडता बेडूक, तुलना कशी मांडायची?

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यात वाळपईजवळ राहतो, लेक अकरावी सायन्सला. सरांनी प्रोजेक्ट दिलाय, एक परजीवी कीटक आणि एक उभयचर, दोघांच्या जीवनचक्राची तुलना. नेटवरून उतरवलं की मार्क कापतात म्हणून घराजवळ दिसलेलंच घेतलं.

कीटक मिळाला न्हाणीघरात. चकचकीत हिरवी-निळी माशी, मधल्या-मागच्या पायांच्या मांड्या लाल, आपल्याहून मोठ्या झुरळाला मिशीला धरून नेत होती आणि झुरळ मेलेलं नव्हतं हो, दावं धरलेल्या वासरासारखं आपल्या पायांनी मागून चालत होतं!! नंतर कळलं, नाव ॲम्प्युलेक्स कॉम्प्रेसा. पहिला डंख छातीत, पुढचे पाय तेवढ्यापुरते लुळे, दुसरा थेट मेंदूत, मग स्वतःहून पळायचं झुरळाला सुचतच नाही. बिळात नेऊन पायावर अंडं, अळी आधी बाहेरून चोखते मग आत शिरते, कोषही आतच.

बेडूक मलबारचा उडता. टाकीवर आलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचं घरटं लोंबतंय, सासूबाई म्हणे कोण थुंकलंय तिथं. (ज्याचं मांस इथे ‘जंपिंग चिकन’ म्हणून खातात तो मोठा बेडूक नकोच म्हटलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं लफडं कोण घेणार. याचेही लांबूनच फोटो काढलेत.)

अडलंय इथे: झुरळ शेवटी मरतंच, गोचीड काही म्हशीला मारून टाकत नाही, मग या माशीला परजीवी म्हणायचं का? आणि रूपांतर दोघांतही आहे तर कोष आणि बेडूकमासा एकाच रकान्यात लिहू का? सोमवारी द्यायचंय.

प्रतिसाद:
ताई, यजमानाला हमखास मारणाऱ्याला पॅरासिटॉइड म्हणतात, तसं लिहा, सर खूश होतील. रकाना मात्र चुकतोय. बेडूकमाशासमोर अळी येईल, कोषासमोर काहीच नाही, तो चौकोन रिकामाच सोडा. कोषात खाणं-चालणं बंद ठेवून सगळं शरीर नव्याने घडतं, बेडूकमासा पोहता पोहताच पाय फुटून शेपूट जिरवतो. हा बदल घडवणारं हार्मोन माशीत एक्डायसोन, बेडकात थायरॉइडचं थायरॉक्सिन. आणि हो, फेस विरघळला की पिल्लं खाली टपकतात, तेव्हा टाकीत पाणी राहू द्या.

धागाकर्ती:
अरे देवा, रविवारी टाकी उपसायला माणूस बोलावलाय! आत्ताच फोन करते त्याला.